तापातली हजेरी

मे महिन्याच्या अखेरीस पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-नागपुरातल्या कित्येक घरांत शोधाशोध सुरू होते. मुलाला किंवा मुलीला अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लागलेली असते आणि ई-मेलने एक अर्ज येऊन पडतो. गोवराच्या लशीचे दोन डोस कधी घेतले? गालगुंडाचे? रुबेलाचे? कांजिण्या येऊन गेल्या असतील तर त्याचा पुरावा कुठे आहे? धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याचा शेवटचा डोस कोणत्या तारखेचा? वसतिगृहात राहणार असाल तर मेंदूज्वराची लस घेतली का? क्षयाची तपासणी केली का? मग आई कपाटाच्या वरच्या कप्प्यातली जुनी पिशवी खाली काढते. पिशवीत बारशाचे फोटो असतात, बालवाडीचे प्रगतिपुस्तक असते आणि तळाशी घडीवर फाटलेले, शाई पुसट झालेले लसीकरणाचे कार्ड. बहुतेकदा त्यातल्या नोंदी दीड वर्षाच्या बूस्टरपाशीच थांबलेल्या असतात.

पुढची धावपळ डॉक्टरांकडे गेल्यावर सुरू होते. सरकारी लसीकरण कार्यक्रमात गोवर आणि रुबेला आहे, गालगुंड नाही. तिकडच्या विद्यापीठाला मात्र तिन्हींची एकत्र लस हवी असते, तीही दोनदा, आणि दोन डोसांमध्ये किमान २८ दिवस जावे लागतात. विमान ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातले, जून निम्मा सरलेला. घरात बोटांवर दिवस मोजले जातात. जन्मल्यावर बीसीजी टोचलेली असल्यामुळे हातावरची क्षयाची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची महागडी तपासणी करावी लागते. हे सगळे पार पडते. आईवडील कुरकुर न करता पैसे भरतात, कारण आपले मूल परक्या देशात, परक्या मुलांबरोबर एका खोलीत राहणार आहे आणि त्याची काळजी कुणीतरी आधीपासून घेत आहे, हे त्यांना पटलेले असते.

याच मुलाने इथल्या महाविद्यालयात चार वर्षे काढलेली असतात. प्रवेश घेताना त्याच्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिका मागितल्या गेल्या, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला आणि त्याची वैधता, नॉन-क्रिमीलेअर, वर्ष वाया गेले असेल तर गॅप सर्टिफिकेट, रॅगिंग करणार नाही असे हमीपत्र. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. प्रकृतीबद्दल काही मागितलेच तर 'तंदुरुस्त आहे' असा डॉक्टरांचा चार ओळींचा दाखला. वैद्यकीय आणि नर्सिंगचे शिक्षण देणाऱ्या संस्था वगळल्या, तर लशीचे कार्ड बघायला मागणारे महाविद्यालय महाराष्ट्रात शोधूनच काढावे लागेल. तीनशे मुले एका इमारतीत झोपणार, एका मेसमध्ये जेवणार, एका वर्गात पाच-सहा तास बसणार; पण त्यांच्यापैकी कुणाला दमा आहे, कुणाच्या लशी राहिल्या आहेत, याची नोंद कुठेच नसते.

कार्डाची गोष्ट तशी सोपी आहे, ठरवले तर एका प्रवेशाच्या हंगामात मार्गी लागेल. अवघड आहे ती हजेरीची गोष्ट. महाविद्यालयांतला खोकला आवरायचा असेल तर हात तिथे घालावा लागेल, असे या लेखाचे म्हणणे आहे.

वसतिगृहातली एक खोली डोळ्यांसमोर आणावी. तीन कॉट, तीन टेबले, एक खिडकी. खिडकीच्या गजांना दोरी बांधून त्यावर टॉवेल आणि चार दिवस न वाळलेल्या जीन्स टाकलेल्या. जुलैचा पाऊस तिरपा आत येतो म्हणून तावदाने घट्ट लावलेली. मधल्या कॉटवरच्या मुलाला रात्री अकराच्या सुमारास हुडहुडी भरते. घसा सकाळपासूनच खवखवत होता, आता अंग मोडून आले आहे. शेजारचा मुलगा कपाटातून तापाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी काढतो, स्वतःच्याच बाटलीतले पाणी पुढे करतो, स्वतःचे पांघरूणही देतो. ही माया खरी आहे. घरापासून तीनशे किलोमीटरवर राहणाऱ्या मुलांना एकमेकांशिवाय दुसरे कोण असते? सकाळी ताप उतरलेला असतो, कारण गोळीने तो उतरवलेला असतो. नऊ वाजता प्रॅक्टिकल आहे. जायचे की पडून राहायचे, याचा हिशेब तो मुलगा कॉटवर बसून मोबाइलवर करतो. आपल्या छातीतला घरघराट तो मोजत नाही, हजेरीची टक्केवारी मोजतो: एकाहत्तर.

आणि तो जातो.

महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरीची अट असते. एमबीबीएसला तर तासांना ७५ आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के लागतात. महिनाअखेरीला सूचनाफलकावर 'डिफॉल्टर लिस्ट' लागते, नावांच्या पुढे लाल शाईत आकडे असतात, घरी फोन जातात, आणि 'टर्म ग्रँट होणार नाही' या वाक्याची भीती पहिल्या वर्षापासून मुलांच्या मनात बसलेली असते. या अटीमागे वाईट हेतू आहे असे कुणीच म्हणणार नाही. रिकामे वर्ग आणि भरलेले कोचिंग क्लास ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ती का आली ते कळते. पण फ्लूचा विषाणू लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पसरू लागतो आणि पहिल्या तीन-चार दिवसांत त्याचा जोर सर्वाधिक असतो. म्हणजे मुलाने ज्या दिवशी अंथरुणात राहायला हवे, नेमक्या त्याच दिवशी नियम त्याला सत्तर जणांच्या वर्गात आणून बसवतो. शेजारचा आजारी पडतो, त्याच्या शेजारची पडते. पंधरा दिवसांनी अख्खा वर्ग खोकत असतो आणि सगळ्यांची हजेरी मात्र व्यवस्थित असते.

मेडिकल सर्टिफिकेटची सोय आहे, असे यावर उत्तर मिळते. ती सोय घरी राहणाऱ्या मुलाची आहे. त्याचे फॅमिली डॉक्टर ठरलेले असतात, वडील गाडीवरून घेऊन जातात. बीडहून किंवा नंदुरबारहून आलेल्या मुलीला अनोळखी शहरात तापाने फणफणत डॉक्टर शोधावा लागतो, दवाखान्याच्या बाकड्यावर तासभर बसावे लागते, तपासणीचे आणि दाखल्याचे मिळून चार-पाचशे रुपये मोजावे लागतात. महिन्याची मेस भरताना ज्या घरी ओढाताण होते तिथे ही रक्कम लहान नसते. शिवाय साध्या फ्लूला बहुधा औषधापेक्षा विश्रांती लागते. केवळ कागदासाठी तिला डॉक्टरांकडे पाठवणे म्हणजे तिचा आजार वाटेतल्या रिक्षात, रांगेत आणि दवाखान्यात वाटत नेणे. तिच्या जागी कुणीही असता तरी त्याने हेच केले असते: गोळी घेऊन वर्ग गाठला असता.

यावर तोडगा कठीण नाही. सत्रात पाच दिवस असे असावेत की विद्यार्थ्याने 'ताप आहे, येत नाही' एवढा संदेश वर्गशिक्षकांना सकाळी पाठवला की त्या दिवसाची गैरहजेरी टक्केवारीतून वगळली जाईल, कागद न मागता. चुकलेले प्रॅक्टिकल सत्राच्या शेवटी एखाद्या शनिवारी भरून घेता येईल. काही मुले या सवलतीचा गैरफायदा घेतील, हे खरे आहे. पाच दिवसांत घेऊन घेऊन किती घेतील? कोविडच्या काळात जी महाविद्यालये महिनोन्‌महिने मोबाइलच्या पडद्यावर चालली, त्यांना पाच दिवसांचा विश्वास परवडू नये, हे पटत नाही.

महाराष्ट्रातल्या फ्लूचे वेळापत्रक महाविद्यालयाच्या वेळापत्रकाशी जुळते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो. आपल्याकडे त्याची मोठी लाट पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये येते आणि दुसरी, लहान लाट जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. म्हणजे नव्या मुलांनी वसतिगृहे भरतात तेव्हा पहिली आणि परीक्षांच्या तयारीच्या वेळी दुसरी. पुण्यातला जुलै-ऑगस्ट तर तरुणांच्या गर्दीचाच काळ. ढोल-ताशा पथकांचे सराव चालू असतात, पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींना दारे लावून घेतलेल्या खोल्यांत रात्री दहा-दहापर्यंत वीस-पंचवीस मुले एकमेकांच्या तोंडासमोर संवाद म्हणत असतात. त्या तालमी थांबवाव्यात असे कुणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही. तरुणपणी करायच्या गोष्टी तरुणपणीच व्हायला हव्यात. पण ज्याला ताप आहे त्याने तीन दिवस तालमीला येऊ नये आणि खोलीची खिडकी उघडी असावी, एवढे दिग्दर्शकाने सांगितले तर प्रयोगाच्या दिवशी कुणाचा आवाज बसलेला नसेल.

लशीचाही संबंध याच वेळापत्रकाशी आहे. फ्लूचा विषाणू रूप पालटत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतले घटक नव्याने सुचवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. भारत उत्तर गोलार्धात असला तरी पावसाळ्यातल्या लाटेसाठी लस एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत घेतलेली बरी, कारण टोचल्यानंतर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांत रुग्णांचे आकडे झळकू लागल्यावर लस आठवते, तोवर निम्मी लाट येऊन गेलेली असते.

पुण्याइतका हा अनुभव दुसऱ्या कुठल्या शहराने क्वचितच घेतला असेल. जून २००९ मध्ये अमेरिकेतली नासाची सहल करून परतलेल्या पुण्यातल्या शाळकरी मुलांमध्ये स्वाइन फ्लू आढळला. ३ ऑगस्टला देशातला त्या साथीचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला, तोही चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. पुढचे काही दिवस या शहराने जे पाहिले ते विसरण्याजोगे नाही. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, रुमाल आणि ओढण्या तोंडाला बांधून माणसे रस्त्यावर दिसू लागली, औषधांच्या दुकानांतले मास्क संपले. शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि वसतिगृहांतली मुले मिळेल त्या एसटीने गावी निघाली. ज्या शहरात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे आणि जगाला लशी पुरवणारी सीरम इन्स्टिट्यूट आहे, त्या शहरात ही धावपळ झाली. पुढच्याच वर्षी, जुलै २०१० मध्ये, नाकात फवारायची देशी स्वाइन फ्लूची लस सीरमने बाजारात आणली. शहरातल्या महाविद्यालयांच्या कॅलेंडरमध्ये मात्र ना त्या वर्षी लशीचा दिवस आला, ना पुढे.

मनावर घेतले तर महाविद्यालये काय करू शकतात, हे २०२१ ने दाखवले. २० ऑक्टोबरपासून राज्यातली महाविद्यालये कोविड लशीचे दोन डोस झालेल्या विद्यार्थ्यांसाठी उघडली आणि लगेच २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या काळात 'मिशन युवा स्वास्थ्य' ही लसीकरणाची मोहीम झाली. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे कामाला लागले, राष्ट्रीय सेवा योजनेची मुले टेबलांवर नोंदी घेत बसली, जिमखान्यात खुर्च्या मांडून टोचल्यानंतरची अर्ध्या तासाची विश्रांती दिली गेली. यात नवीन शिकण्यासारखे काही नव्हते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक महाविद्यालयाला रक्तदान शिबिर कसे घ्यायचे ते पाठ आहे: सभागृह, गाद्या, केळी, बिस्किटे, प्रमाणपत्र. लसीकरणाला तर गाद्याही लागत नाहीत.

त्याच नोव्हेंबरमध्ये धारवाडमधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात एका कार्यक्रमानंतर २८० हून अधिक विद्यार्थी आणि कर्मचारी कोविडबाधित निघाले. बहुतेकांचे दोन्ही डोस झालेले होते. 'मग लशीचा उपयोग काय?' असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला, तो आजही विचारला जातो, आणि त्याचे उत्तर सरळ द्यायला हवे. धारवाडच्या बाधितांपैकी बहुतेकांना काही लक्षणेच नव्हती, किंवा असली तरी सौम्य होती. लस संसर्गाला दर वेळी दारात अडवत नाही, पण तो फुप्फुसापर्यंत पोहोचून जीवावर बेतण्याची शक्यता पुष्कळ कमी करते. फ्लूच्या लशीचेही तसेच. विषाणू आणि लस यांचा मेळ चांगला बसलेल्या वर्षी ती दवाखाना गाठावा लागेल अशा आजाराचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. हा आकडा विद्यार्थ्यांपुढे जसाच्या तसा ठेवावा. शंभर टक्क्यांचे आश्वासन द्यायचे आणि मग लस घेतलेला मुलगा आजारी पडला की सगळ्यांचाच विश्वास उडायचा, हे आपण एकदा पाहिले आहे.

खासगी दवाखान्यात फ्लूची लस दीड-दोन हजार रुपयांना पडते आणि ती दर वर्षी घ्यावी लागते. प्रत्येक विद्यार्थ्याला ती मोफत द्यावी, ही मागणी चांगली असली तरी लगेच पूर्ण होणारी नाही. पण ज्यांना ती मिळायलाच हवी अशी मुले प्रत्येक महाविद्यालयात मोजकी असतात आणि त्यांची नावे कळणे हेच पहिले काम आहे: दम्याचा पंप खिशात बाळगणारी, लहानपणापासून इन्सुलिन घेणारी, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. गडचिरोली-नंदुरबारसारख्या आदिवासी भागातून शहरातल्या वसतिगृहांत येणाऱ्या मुलांमध्ये सिकलसेलचे रुग्ण असतात. या आजारात प्लीहा निकामी होत जाते आणि न्यूमोकॉकस नावाचा, एरवी आटोक्यात राहणारा जंतू या मुलांसाठी घातक ठरतो. त्यांना त्याची लस वेळेवर मिळाली आहे का, हे पाहायला वसतिगृहाच्या रेक्टरांकडे आज एका ओळीचीही नोंद नसते. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ फ्लूच्या लाटेत राज्यातल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, तेव्हा आठवडाभर सगळीकडे चर्चा झाली. तरुणांना फ्लूने काही होत नाही, असे म्हणणे सोपे असते. बहुतेकांना होत नाही, हेच खरे. ज्याला होते त्याच्या घरी मात्र त्या 'बहुतेक' शब्दाला काही अर्थ उरत नाही.

लशीने पुरत्या न आवरणाऱ्या आजारांकडे वळले की क्षय समोर येतो. जगातले सुमारे चौथ्या हिश्श्याचे क्षयरुग्ण भारतात आहेत. जन्मल्यावर दिलेली बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते, पण वीस वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाला तिचा आधार फारसा राहत नाही. वसतिगृहात एक मुलगा दोन महिने खोकत राहतो, 'सर्दी जात नाहीये' म्हणतो, औषधाच्या दुकानातून विचारून अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांची पट्टी आणतो. त्याने काही होत नाही, मग आणखी एक पट्टी. विषाणूच्या सर्दीवर ते औषध चालत नाही, क्षयावर ते पुरे पडत नाही. बिघडते ते एवढेच की पुढे खरी गरज पडेल तेव्हा त्याचा असर कमी झालेला असतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, यांपैकी काहीही असेल तर सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते, औषधे मोफत मिळतात, उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपयेही मिळतात. साध्या क्षयावर योग्य औषधे सुरू झाली की रुग्णाकडून दुसऱ्याला होणारा प्रसार झपाट्याने कमी होतो. हे सगळे ठाऊक असूनही मुले खोकला लपवतात, कारण 'टीबी' हा शब्द कानावर पडताच खोली सोडायला लावतील, घरी कळेल, मुलीच्या बाबतीत तर लग्नापर्यंत विषय जाईल, ही भीती असते. अशा मुलाला किंवा मुलीला खोली सोडावी लागणार नाही, हे रेक्टरांनी वर्षाच्या पहिल्या सभेत सगळ्यांसमोर सांगायला हवे.

हवेचे काय? तैवानमध्ये तैपेईच्या एका विद्यापीठात काही वर्षांपूर्वी क्षयाची साथ आली. २७ रुग्ण सापडले, त्यांच्या सहवासातले १,६६५ जण तपासावे लागले. वर्गांमधला कार्बन डायऑक्साइड मोजला तेव्हा तो दहा लाख भागांत ३,२०० भागांच्या आसपास निघाला. मोकळ्या हवेत तो ४०० च्या घरात असतो. म्हणजे मुले एकमेकांनी सोडलेला श्वासच पुन्हा-पुन्हा आत घेत होती. विद्यापीठाने हवा खेळती करण्याची व्यवस्था सुधारली, हे प्रमाण ६०० पर्यंत खाली आणले आणि साथ विझली. पुढच्या तपासणीत केवळ खेळत्या हवेमुळे नव्या रुग्णांचे प्रमाण सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष निघाला.

हा आकडा वाचल्यावर पुण्यातल्या सदाशिव, नारायण आणि नवी पेठेतल्या अभ्यासिका आठवतात. स्पर्धा परीक्षांसाठी गावोगावहून आलेली मुले तिथे सकाळी सातला येतात आणि रात्री अकराला जातात. जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतला एक हॉल, प्लायवुडच्या पाट्या लावून केलेली सत्तर-ऐंशी टेबले, प्रत्येकावर छोटा दिवा, पाठीमागे पाण्याची बाटली आणि डबा. एसीचा गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या कायम बंद. काही ठिकाणी तर त्या प्लायवुडने झाकूनच टाकलेल्या. शांतता इतकी की एक जण खोकला तरी सगळे मान वर करतात, म्हणून मुले खोकला दाबून धरतात. रात्री परतायचे ते 'कॉट बेसिस'वर घेतलेल्या खोलीत, जिथे चार-पाच जण झोपतात. ही मुले कुठल्याच महाविद्यालयाच्या पटावर नाहीत. त्यांना रेक्टर नाही, आजारी पडल्यावर ठेवायला खोली नाही आणि लशीबद्दल विचारणारे कुणी नाही. एमपीएससीची तारीख पुढे ढकलली की त्यांच्यासाठी मोर्चे निघतात. अभ्यासिकेच्या खिडकीसाठी कुणी अर्जही करत नाही. शहरातल्या खाणावळीला, वसतिगृहाला परवाना लागतो, अग्निशमनाची अट असते; दोन खिडक्या उघड्या राहतील आणि हवा बाहेर फेकणारा पंखा चालू राहील, ही अट अभ्यासिकेला घालायला महापालिकेला फारसा खर्च येणार नाही.

वसतिगृहांत तर आणखी सोपे आहे. तळमजल्यावरची, खिडकी असलेली एक खोली आजारी मुलांसाठी रिकामी ठेवावी. मेसमधून पेज किंवा मुगाची खिचडी तिथे पोहोचवण्याची सोय असावी, म्हणजे तापातल्या मुलाला रांगेत उभे राहावे लागणार नाही. थर्मामीटर आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असावा, तो वापरायला रात्रपाळीच्या पहारेकऱ्यालाही शिकवावे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या वसतिगृहांत २००६-०७ च्या हिवाळ्यात एक अभ्यास झाला. ज्या मुलांना मास्क आणि हात स्वच्छ ठेवण्याचे साहित्य दोन्ही दिले, त्यांच्यात चौथ्या ते सहाव्या आठवड्यांत फ्लूसारखे आजार ३५ ते ५१ टक्क्यांनी कमी आढळले. कोविडनंतर आपल्या प्रत्येक घरात मास्कचे अर्धे खोके पडून आहे. खोलीतल्या आजारी मित्राने तो तीन दिवस लावावा, एवढेच.

यात सक्ती किती असावी, हा प्रश्न प्रामाणिकपणे घ्यायला हवा, कारण २०२१ मध्ये दोन डोस नसलेल्या मुलांना प्रवेशद्वारावरून परत पाठवले गेले ते अनेकांच्या मनात राहिले आहे. जेकब पुलियेल खटल्यात २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. आपल्या शरीरावरचा अधिकार घटनेच्या २१व्या कलमात येतो. हे योग्यच आहे. मुलांना समजावून, फुकट आणि हाताशी लस दिली तर सक्तीची गरजही फारशी पडत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात मार्च ते नोव्हेंबर या काळात मेंदूज्वराचे आठ रुग्ण सापडले. मेंदूज्वराच्या ज्या प्रकाराने ते आजारी पडले, त्यावरची लस तेव्हा अमेरिकेत मान्यताप्राप्त नव्हती, ती खास परवानगीने युरोपातून आणावी लागली. विद्यापीठाने खर्च स्वतः उचलला, डिसेंबरमध्ये आवारातच केंद्र उघडले, कुणावरही बंधन घातले नाही. चार दिवसांत सुमारे ५ हजार विद्यार्थी स्वतःहून रांगेत उभे राहिले, पात्र विद्यार्थ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक. आपल्या मित्राला काय झाले हे त्यांनी पाहिले होते आणि आपल्याला काय टोचले जाणार आहे हे त्यांना नीट सांगितले गेले होते.

कार्ड मागायचे तेही याच भावनेने. ज्याच्या नोंदी नाहीत त्याचा प्रवेश अडवण्यासाठी ते नको. त्याला कुठली लस राहिली आहे हे सांगण्यासाठी आणि ती मिळवून देण्यासाठी हवे. सरकारी कार्यक्रमात सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस आहे. अकरावी-बारावीत ती घ्यायची राहिलेली मुले प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात सापडतील आणि जवळच्या आरोग्य केंद्रात ती आजही फुकट मिळेल.

आज जी मुले पदवीच्या वर्गात बसली आहेत, ती २०१८ मध्ये शाळेत होती. त्या वर्षी २७ नोव्हेंबरला महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. शाळांच्या पटांगणांत रांगा लागल्या, बोटांवर शाईच्या खुणा झाल्या, प्रत्येकाला एक कागद मिळाला. व्हॉट्सअ‍ॅपवर अफवाही फिरल्या आणि काही पालकांनी त्या दिवशी मुलांना शाळेतच पाठवले नाही. कुणाला तेव्हा टोचले आणि कुणाचे राहून गेले, हे आज कुठल्याही प्राचार्यांना सांगता येणार नाही. गोवर हवेतून पसरणाऱ्या रोगांमधला सर्वांत वेगवान, आणि वीस वर्षांच्या तरुणाला झाला तर न्यूमोनियापर्यंत जाण्याचा धोका असतो. ज्या मुलांची लस तेव्हा राहिली, त्यांना निर्णय आईवडिलांनी घेतला होता याची कल्पनाही नसेल. आता ती अठरा वर्षांची झाली आहेत आणि स्वतः ठरवू शकतात. त्यासाठी प्रवेश अर्जात एक पान वाढवावे आणि जूनमध्ये तो भरून घेताना टेबलापलीकडच्या कारकुनाने जातीच्या दाखल्यानंतर एवढे विचारावे, की घरी कपाटात लशीचे कार्ड असेल, त्याची एक झेरॉक्स आणता येईल का.